नमुन्याची मोजडी

एका गावात मोजड्या शिवणारी एक म्हातारी राहायची. गोष्ट फार जुनी आहे, पण पाय तेव्हाही दुखायचे, म्हणून नीट ऐका.

तिची रीत ठरलेली. गिऱ्हाईक आलं की त्याला कागदावर उभं करायची, कोळशाने पावलाभोवती रेघ ओढायची आणि मगच चामडं कापायची. सरदार असो की गुराखी, मापाशिवाय सुईला हात नाही. फक्त एकच जोड तिने मापाशिवाय शिवला होता, दुकानाच्या दारावर नमुना म्हणून टांगायला. लाल मखमल, जरीची वेलबुट्टी, मधे अरुंद आणि टोक लांबलचक. दिसायला देखणा, पण बसायचा कुणालाच नाही.

त्याच गावात एक बाई होती. तिला स्वतःची एक मुलगी, थोरली, आणि एक सावत्र, धाकटी. राजवाड्याच्या बागेत जत्रा भरली, तेव्हा बाई थोरलीला नटवून घेऊन गेली आणि धाकटीला म्हणाली, "तू घर सांभाळ." धाकटीला तर पायात घालायलाही काही नव्हतं. ती बिचारी दुकानाच्या दाराशी येऊन नुसती बघत उभी राहिली. म्हातारीने नमुन्याचा जोड खाली काढला, टोकात कापूस कोंबला आणि म्हणाली, "जा, जाऊन ये. हळू चाल म्हणजे झालं."

बागेत धाकटीची राजपुत्राशी गाठ पडली. दोन घटका छान गप्पा झाल्या. इतक्यात समोरून सावत्र आई येताना दिसली आणि पोरगी जीव घेऊन पळाली. कापूस निसटला आणि एक मोजडी तिथेच राहिली.

आता राजपुत्राने काय करावं? दवंडी पिटली. ज्या मुलीच्या पायात ही मोजडी बसेल, तिच्याशी लग्न. जिच्याशी बोलला तिला शोधायचं, ते पायावरून. पण मोठ्यांना शहाणपण शिकवणार कोण?

शिपाई मोजडी घेऊन दारोदार फिरू लागले. धाकटीने पाय घातला, तर मोजडी सैल. "पुढे कापूस घातला की बसते," ती म्हणाली. शिपाई पोट धरून हसले. खरी तीच आणि नापासही तीच. थोरलीचा पाय रुंद, तो आतच जाईना. तेव्हा बाई म्हणाली, "आठ दिवसांनी परत या. बसेल." आणि तिने थोरलीच्या पावलांना ओल्या चामड्याच्या पट्ट्या बांधल्या. चामडं वाळलं की आवळतं, हे तुम्हाला सांगायला नको.

म्हातारीला सगळं ठाऊक होतं. पण गावभर तिच्या कारागिरीचं कौतुक चाललं होतं. हा जोड आपण मापाशिवाय शिवला, असं कबूल केलं तर जन्मभराचं नाव जाईल, या भीतीने ती गप्प बसली.

चौथ्या दिवशी थोरली भिंतीला धरत धरत दुकानात आली. "आजी, ती मोजडी थोडी वाढवता येईल का? नाहीतर पाय लहान करायची काहीतरी युक्ती सांगा. आईने फार आशा लावली आहे."

म्हातारीने पट्ट्या सोडल्या. बोटं निळी पडली होती, टाचांना फोड आले होते. म्हातारीने त्या पट्ट्या दूर फेकल्या. "नाही गं बाई," ती म्हणाली, "पाय बरोबर आहेत तुझे. चूक माझ्या मोजडीची आहे, आणि मी तोंड मिटून बसले त्याची."

ती तडक राजवाड्यात गेली आणि भर दरबारात म्हणाली, "ती मोजडी कुणाच्याच मापाची नाही. मी नुसती शोभेला शिवली होती. तुमच्यापायी पोरींचे पाय सुजलेत."

लोक कुजबुजले. राजपुत्राचा चेहरा उतरला. "मग मी तिला ओळखू कसं?"

"तुम्ही बोललात ना तिच्याशी? काय म्हणाली ती?"

राजपुत्राला आठवलं. "सगळे बागेची स्तुती करत होते. ती म्हणाली, झाडांना पाणी फार होतंय, मुळं कुजतील."

"मग जा आणि बोला," म्हातारी म्हणाली.

राजपुत्र म्हातारीबरोबर त्या बाईच्या घरी पोचला तेव्हा धाकटी अंगणात बसून थोरलीचे पाय कोमट पाण्याने शेकत होती. त्याने विचारलं, "राजवाड्याची बाग पाहिलीस का?"

"पाहिली," ती मान वर न करता म्हणाली. "पाणी कमी केलंत का?"

राजपुत्राने तिला ओळखलं. बाईला रडू फुटलं. "पोरीचं भलं व्हावं म्हणून केलं हो मी." म्हातारीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "ते खरं. पण त्या भल्यात तिला चालता तरी आलं पाहिजे ना?"

राजपुत्राने लग्नाचं विचारलं, तेव्हा धाकटी म्हणाली, "ते मागाहून बघू. आधी माझ्या ताईला तिच्या मापाची मोजडी हवी."

म्हातारीने अंगणात कागद पसरला आणि कोळसा राजपुत्राच्या हातात दिला. तो जमिनीवर गुडघे टेकून बसला आणि थोरलीच्या सुजलेल्या पावलाभोवती जपून रेघ ओढू लागला. "घाई नको," म्हातारी म्हणाली, "पाऊल जसं आहे तसंच काढा."

तात्पर्य: आपल्या मापात माणूस बसवू नये, आधी माणसाचं माप घ्यावं.