मरीपंखाचे पीस

डोंगर अजून वयाने लहान होते, त्या काळी रानावर मरीपंख नावाच्या राक्षसी पक्ष्याची दहशत होती. त्याच्या पिसांतली करडी धूळ ज्या घरट्यावर पडे, तिथली पिले तापाने फणफणून मरत. अखेर सारे पक्षी एकवटले. कोतवाल पक्ष्याने थेट त्याच्या डोळ्यांवर झेप घेतली, घारींनी पंख ओढले आणि तो महाकाय देह कड्यावरून कोसळून निष्प्राण झाला! रान जयघोषाने दुमदुमले.

पराभूत शत्रूचे एकेक पीस प्रत्येक विजेत्याने आपल्या घरट्यात खोवायचे, अशी त्यांची रीत होती. पिसांसाठी झुंबड उडाली, तोच म्हातारी गिधाडीण मध्ये उतरली.

"पिसांना चोच लावू नका. हा सगळा देह मला खाऊ द्या."

"लढाईत कुठे होतीस गं आजी?" सर्वांत लांब पीस उपटून फांदीवर पायाखाली दाबत कोतवाल हसला. "पंगतीला मात्र बरी वेळेवर आलीस!"

"हसा बाबांनो. पण तो मेला तरी धूळ पिसांतच आहे. ती माझ्या पोटात जिरेल, तुमच्या पिलांना सोसणार नाही."

"अहो, आणताय ना?" घरट्यातून कोतवालीण आनंदाने ओरडली. तिच्या पंखाखालून तीन उघडीबोडकी पिले डोकावत होती.

कोतवालाने पाऊल उचलले. फांदीवर करडा डाग उमटला होता. त्याने ते पीस गिधाडिणीपुढे टाकले.

"जेव, आजी."

मग एकेक पीस तिच्यापुढे येऊन पडले.

त्या वर्षी रानातल्या एकाही घरट्यात विजयाचे पीस नव्हते. पिलांना मात्र पिसे फुटली.