पन्हळीवर नाव कोण कोरणार?

इटलीतल्या एका डोंगरी गावाचे चर्च भूकंपात पडले. गावाने नवे बांधायला घेतले, तेही त्या काळच्या थाटाचे: पिळदार खांब, सोनेरी वेलबुट्टी आणि छतभर चुन्याचे देवदूत. प्रत्येक घराने एक देवदूत द्यायचा आणि त्याच्या पायाशी त्या घराचे नाव कोरायचे, असे ठरले.

मूर्तिकार गास्पारेने त्या छतावर एकवीस वर्षे घालवली. लग्न राहिले, नजर अधू झाली. छताशिवाय त्याचे म्हणावे असे काहीच उरले नाही.

एकदा कौले शाकारणारा म्हातारा तात्सियो खाली उतरून म्हणाला, "गास्पारे, मागची पन्हळ फुटली आहे. पाणी तुळयांत मुरतंय."

गास्पारेने गावाच्या बैठकीत नव्या पन्हळीचा विषय काढला. गावातल्या बड्या जमीनदारीण एर्सिलियाबाई हसल्या. "पन्हळीवर आमचं नाव कोण कोरणार? आणि वाचणार कोण, कबुतरं?" बैठकीने आणखी दोन देवदूत करायला सांगितले.

"मग आपण दोघंच भेग बुजवू," तात्सियो म्हणाला. "चुना तुझ्यापाशी आहेच. एका दिवसाचं काम."

"मी मूर्तिकार आहे, काका. गटारं लिंपत नाही."

"बरं. मग पाऊस आला की तुझ्या देवदूतांना उडायला सांग." म्हातारा शिडी उचलून गेला. त्याच हिवाळ्यात तो वारला.

पुढे दर पावसात छतावर एक डाग उमटे. गास्पारे त्यावर ढग रंगवी. लोक माना वर करून म्हणत, "वा! स्वर्ग वाढतोय!"

तात्सियो गेल्यानंतर आठव्या वर्षी, एका मंगळवारी दुपारी, रिकाम्या चर्चचे छत कोसळले. गाव धावत आले. जो तो ढिगाऱ्यात आपल्या नावाचा तुकडा शोधू लागला. कोणी पंख नेला, कोणी नुसता पाय. संध्याकाळपर्यंत नाव असलेले सगळे तुकडे घरोघरी गेले.

मागे फक्त ढग उरले. गास्पारेने एक उचलला. त्याला चिकटलेले तुळईचे काळे लाकूड बोटांत भुगा होऊन गळले.

रविवारी बैठक बसली. नव्या छतावर कोणाचा देवदूत कुठे, यावर भांडण जुंपले. "आधी पन्हळ," गास्पारे म्हणाला.

"बिचारा भ्रमला," एर्सिलियाबाई म्हणाल्या.

तात्पर्य: ज्या कामाला नाव लागत नाही ते सगळ्यांनीच टाळले, की नाव कोरायला छतही उरत नाही; आणि तेव्हा शहाणपण आले तरी ऐकायला कोणी नसते.