वैद्यांच्या उत्तरांची कोरी पाने

दृष्टांताला राजा आणि जंगलच हवे असे थोडेच आहे? एका संस्थेत एक वृद्ध अभ्यासक आणि त्यांची शिष्या मिळून एका जुन्या वैद्यांचा पत्रव्यवहार स्कॅन करीत होते. वैद्य पेशवाईतले. औषध देणे हा त्यांचा धर्म, आणि शंख, खडे, परमुलखातली बियाणी जमवणे हा नाद. त्यांना आलेली पत्रे रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधून राहिली होती.

शिष्या पार थकली होती. पान उलगडायचे, काचेवर ठेवायचे, मोडी वाचायची आणि सारांशाच्या चौकटीत लिहायचे, की अमक्याने औषध मागितले, तमक्याने गाऱ्हाणे केले. रोज तेच. पुढे पुढे ती मायना आणि आरंभीच्या ओळी सोडून थेट मागणीवर जाऊ लागली. सगळ्यांची सुरुवात एकसारखीच, ती कशाला वाचा! मान आखडली, डोळे चुरचुरू लागले आणि वैद्यही मनातून उतरले. जिकडे तिकडे औषधाची मागणी आणि शंखांची भेट, औषध दिल्याचे कुठेच दिसेना. शेवटी तिने प्रस्तावनेत लिहून टाकले, 'हे गृहस्थ आजाऱ्यांकडून शंख उकळीत आणि औषधासाठी त्यांना ताटकळत ठेवीत.' दुसऱ्या दिवशी ते सारे लोकांसाठी संकेतस्थळावर जायचे होते. एकदा गेले की वैद्यांच्या नावाला तेच चिकटणार, आणि त्यांची बाजू मांडायला जगात कोणी उरले नव्हते.

वृद्धांनी प्रस्तावना वाचली. रुमाल सोडून ते स्वतःच पत्रे काचेवर ठेवू लागले. मात्र बहुतेक पत्रांच्या आधी एक कोरा कागद ठेवून त्याचीही प्रतिमा घेऊ लागले. शिष्येला वाटले, झाले, वयाने गाठले.

"गुरुजी, कोऱ्या कागदाचा स्कॅन कशाला? आधीच काम संपता संपत नाही."

"हे पत्र वाच. अगदी वरून."

ते एका नाखव्याचे, गलबताच्या धन्याचे पत्र होते. सारांशात तिने लिहिले होते, 'शंख पाठवतो. मुलासाठी औषध मागतो.' आता तिने वरच्या ओळी वाचल्या. 'आपले पत्र पावले. पुडी पावली. चाटण दिले, मूल उठोन बसले. आणीक पुडी पाठवावी. आपण मोल घेत नाही, सबब शंख पाठविला आहे.' तिने पुढचे पत्र घेतले. 'आपले पत्र पावले.' त्यापुढचेही तसेच.

"आपल्याजवळ आहेत ती त्यांना आलेली पत्रं," वृद्ध म्हणाले. "त्यांनी लिहिलेली गेली गावोगाव, दुखणाइतांच्या घरी. कुणी उशाशी ठेवली असतील, कुणी चुलीत घातली असतील. मागणाऱ्याचा शब्द वैद्यांच्या घरात राहिला आणि देणाऱ्याचा बाहेर गेला. आपण ते घर धुंडाळलं आणि म्हणालो, इथे देणारा कोणी नव्हताच. 'पत्र पावले' असं जिथे आहे, तिथे आधी वैद्यांचं एक पत्र होतं, एवढं तरी वाचणाऱ्याला दिसू दे. म्हणून ही कोरी पानं."

शिष्येचा चेहरा उतरला. तिला लाज वाटली आणि रडूही आले. "मी फार थकले हो, गुरुजी," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला. मीही थकलोय. थकलेल्या माणसानं काम करावं, बाई. निवाडा करू नये."

तिने ते वाक्य खोडले. "मग त्या जागी काय लिहू?"

"वैद्यांच्या हातचं एक अक्षरही आपल्याला मिळालेलं नाही, एवढंच लिही."

तिने तेवढेच लिहिले, आणि पुढचे पत्र मायन्यापासून वाचायला घेतले.

आपणही एखाद्याविषयी मत ठरवतो तेव्हा बहुधा दमलेलेच असतो. निदान त्याचे स्वतःचे किती शब्द आपल्याजवळ आहेत, एवढे तरी आधी पाहावे.