कुंपणावरची मैत्री

त्या राज्यात कोंबड्या जमिनीवर राहत, घारी आभाळात, आणि दोघींच्या मधे फक्त एक आरोळी होती. वर सावली हलली की कुंपणावरचा पहारेकरी कोंबडा, तुरेराव, 'कुर्रर्र' करून ओरडे आणि पिल्लं असतील तिथून धावत आईच्या पंखांखाली घुसत.

एकदा घार आली ती थेट कुंपणावरच, तुरेरावाच्या शेजारी येऊन बसली. तुऱ्याचं तोंड भरून कौतुक केलं. तुम्ही आरवता म्हणून तर सूर्याला वाट सापडते, म्हणाली. कोंबड्याला आणखी काय हवं असतं! खोटं वाटत असेल तर त्या कुंपणाला विचारा. मात्र ते तेव्हा तुरेरावाच्या पायाखाली होतं, त्यामुळे खरं बोलेलच असं नाही.

मग रोज सकाळी तुरेरावाचं पिल्लांना गोष्ट ऐकवणं सुरू झालं, कोंबडा आणि घार यांच्या मैत्रीची. गोष्टीच्या शेवटी घार आपल्या लाडक्या दोस्ताला पंजांत धरून ढगांची सैर घडवी. पिल्लांचे डोळे चमकत. पाहुणीला बघून ओरडणं हा उद्धटपणा ठरला, आणि आरोळी बंद पडली.

भुरी नावाच्या कोंबडीला तिचं तांबूस पिल्लू दिसेना, तशी ती कुंपणाखाली आली.

"तुरेराव, माझा तांबड्या कुठाय?"

"ढगांत गेलाय फिरायला. नशीब काढलं पोरानं!"

"परत कधी यायचा?"

"अगं, आभाळ म्हणजे काय तुझं खुराडं आहे? वेळ लागणारच."

"तुम्ही बघत होता ना? मग ओरडला का नाहीत?"

तुरेरावानं मान झटकून तुरा नीट केला. "मित्राला बघून कोणी ओरडतं का?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि कुंपणावर बसणाऱ्याला ती पंजा लावत नाही. तसं ठरलंय आमचं."

पहारा आता भुरीनंच धरला. नजर आभाळाला लावून ती दाणे टिपायची, म्हणजे बहुतेक मातीच टिपायची.

पुन्हा अंगणावर सावली पडली तेव्हा ती सगळा जीव घशात आणून ओरडली. दोन्ही पंख पार जमिनीला टेकेपर्यंत पसरले आणि डोळे मिटून घेतले.

पंखांखाली कोणीच आलं नाही.

तिनं डोळे उघडले. तिची उरलेली पिल्लं अंगणाच्या मधोमध, भर उन्हात, माना उंच करून एकमेकांना ढकलत होती.

"घारमावशी, मला! आधी मला!"