पावणेपाच हात

“मग फळी एवढी उंच काहून मारली त्यानं?”

खुशालनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता मठाच्या पडवीत बसकण मारली. बसल्यावर त्याच्या लक्षात आलं, पायांत वहाणा तशाच आहेत. उठला, काढून आला, पुन्हा बसला.

हाच प्रश्न त्यानं आईला विचारला होता. आईनं तोंड भिंतीकडे केलं. वहिनीला विचारला होता. ती चुलीपुढून उठली आणि भरलेली कळशी घेऊन पाणी आणायला गेली. राईस मिलमधल्या दादाच्या सोबत्यांना विचारला होता. ते म्हणाले, गेलेल्या माणसाच्या मागं असं काय विचारून राह्यला रे?

आता डोमाजीबाबा उरला होता.

बाबा मुळातला सुतार. तीस वर्षांपूर्वी सगळं सोडून वैनगंगेच्या काठच्या या मठात आला. सगळं सुटलं, रंधा तेवढा सुटला नाही. गावातल्या निम्म्या मांडण्या, पेट्या न्‌ देवघरं त्याच्या हातची. खुशालचा थोरला भाऊ हेमराज त्याच्या हाताखाली दोन वर्षं होता. खुशाल शिकला तो हेमराजच्या हाताखाली. शाळा सहावीतच सुटली होती. करवत मात्र सरळ चालायची, आणि ती सरळ चालते हे त्याला माहीत होतं.

हेमराजला जाऊन दीड महिना झाला होता. तीन दिवसांचा ताप. चौथ्या दिवशी घरातला सगळ्यात उंच माणूस आडवाच बाहेर नेला.

बाबानं रंधा थांबवला नाही. पोथ्यांच्या पेटीचं झाकण चाललं होतं. सालपं निघत होती, पातळ, कांद्याच्या टरफलासारखी.

“परवा आई पडली जी,” खुशाल म्हणाला.

रंधा थांबला.

“तिखटाचा डबा काढाले चढली. पाट ठेवला, पाटावर पिंप पालथं घातलं, त्याच्यावर चढली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर हाय.”

“तू कुठं होता?”

“बाहेर ओट्यावर.”

“मग?”

“मग काय... तिनं हाक नाही मारली.”

बाबानं रंध्यात अडकलेलं सालपट काढलं.

खुशालला गप्प बसणं जमायचं नाही. तो सांगत सुटला. दादाच्या लग्नाच्या वर्षी दादानं स्वयंपाकघरात ही फळी मारली. सागाची, एकसंध, सहा फूट लांब. सगळे डबे तिच्यावर. तिखट, हळद, डाळी, पोहे. हात पुरायचा फक्त दादाचा. आई हाक मारायची, हेमराज, तिखटाचा डबा दे रे. वहिनी हाक मारायची, अहो, डाळ. दादा जेवता जेवता उठायचा, खरकटा हात मागं धरायचा, डाव्या हातानं डबा काढून द्यायचा, पुन्हा बसायचा. एका जेवणात चार वेळा. कधी सहा.

“एक घास नीट खाल्ला नाही त्यानं,” खुशाल म्हणाला. त्याचा आवाज चिरकला, म्हणून तो मोठ्यानं बोलायला लागला. “सोमवारी मी नागपूरले चाललो. फर्निचरच्या कारखान्यात काम लागलं. घरात दोघी बायाच राहतील. मले चांगला साग द्या. मी घोडा करतो, चढाले. तीन पायऱ्यांचा. हत्ती चढला तरी हलणार नाही असा.”

“हत्ती चढते का तुमच्या स्वयंपाकघरात?”

“मस्करी नका करू जी.”

“नाही करत. प्लास्टर घालून आई चढते का, तेवढं सांग.”

खुशाल खाली पडलेलं एक सालपट चुरगळत राहिला.

“आन्‌ फळी?” बाबानं विचारलं.

“फळीले हात नाही लावायचा. दादाच्या हातची हाय ती. त्यानं ठेवली तिथंच राहील.”

“किती उंच हाय?”

“पावणेपाच हात.”

“कोणाचे?”

“काय कोणाचे?”

“हात.”

खुशाल चिडला. “हात म्हणजे हात जी. एक हात म्हणजे दीड फूट. हे तुम्हीच दादाले शिकवलं न्‌ दादानं मले.”

“टेप आणला का?”

“हाय.”

“ठेव इथं.”

खुशालनं खिशातून टेप काढून ठेवला. बाबानं तो उचलून पेटीच्या अर्ध्या झाकणाखाली सारला. मग उठला. पडवीच्या कोपऱ्यात बांबूच्या काठ्यांचा भारा उभा होता. लहानपणापासून खुशालनं तो पाहिला होता. मठाच्या कुंपणासाठी असेल, असं त्याला वाटायचं. आज जवळून पाहिलं तर प्रत्येक काठीवर चाकूनं केलेल्या खुणा होत्या. काहींवर तीन, काहींवर सात.

बाबानं भाऱ्यात मागपर्यंत हात घातला, चाचपत एक काठी ओढली, धोतराच्या सोग्यानं तिच्यावरचं जाळं पुसलं.

“घरच्यांचे हात घेऊन ये,” तो म्हणाला.

काठीवर एकच खूण होती. अगदी वर, टोकाजवळ. जुनी, काळी पडलेली.

“ही कोणाची?”

बाबा पुन्हा रंध्यावर वाकला होता.

*

घरी येऊन खुशालनं काठी स्वयंपाकघराच्या भिंतीला लावली आणि जागेवरच थांबला.

खूण फळीच्या बरोबर होती. केसभर वर नाही, केसभर खाली नाही.

त्यानं काठी उचलली, खालची जमीन पायानं साफ केली, पुन्हा लावली. तीच जागा. काठी दुसऱ्या टोकाला नेली. तिथंही तीच. मठाच्या कोपऱ्यात जाळी धरत पडलेल्या बांबूला आपल्या घरची भिंत ठाऊक असावी... त्याच्या अंगावर काटा आला.

“काय करून राह्यले भाऊजी?” वहिनी दारात आली. तिचं नाव रेवंता. दीड महिन्यात ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली होती.

“इथं उभ्या राहा. हात वर करा. डबा घ्याले करता तसा.”

तिनं केला. त्यानं तिच्या बोटांपाशी चाकूनं खूण केली. फळीपासून ती खूण चांगली हातभर खाली आली.

मग आई. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला, म्हणून तिनं डावा उचलला. बांगड्या घसरून कोपराशी गेल्या. हात कपाळाच्या थोडा वर गेला आणि थांबला.

“अजून वर, आई.”

“याच्यावर नाही जात बाबू. खांदा दुखते.”

“कधीपासून?”

“लय वर्षं झाले.”

“सांगतलं नाही कधी.”

“कशाले सांगू? हेमराज होता ना.”

खुशालनं तिथं खूण केली. चाकू नीट चालेना. आईचा वर उचललेला हात त्यानं एकोणीस वर्षांत असा कधी पाहिलाच नव्हता.

*

बाबाची नजर अधू झाली होती. त्यानं काठी मांडीवर घेतली आणि अंगठा फिरवत नेला. खालची खूण. तिच्यावर थोडी मधली. मग बराच वेळ काहीच नाही. मग वरची.

“तुझी कोणती?”

“माझी नाही केली. माझी कशाले? मी तर चाललो.”

“हात वर कर.”

बाबानं काठी खांबाला लावून धरली. खुशाल पाठ टेकून उभा राहिला आणि त्यानं हात वर केला. वळून पाहिलं.

त्याची बोटं वरच्या खुणेच्याही दोन पेरं वर गेली होती.

तो पाहतच राहिला. फळी लागली त्या दिवशी तो चौदा वर्षांचा होता. उडी मारली तरी हात पोचला नव्हता आणि दादा पोट धरून हसला होता. त्यानंतर त्यानं कधी हात घालून पाहिला नाही. दादा होता. दादा गेल्यावरही घातला नाही. तो धाकटा होता. डबा मागायचं काम त्याचं, काढायचं काम दादाचं.

आई पिंपावर चढली तेव्हा डब्याला पुरणारा हात बाहेर ओट्यावर बसून होता.

“बाबा,” तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडावर हसू होतं. दोन्ही त्याला आवरत नव्हतं. “घोडा नको. साग नको. नागपूरही नको. सांगून देतो त्याईले, येत नाही म्हणून. फळी राहू द्या तिथंच. आईनं हाक मारली का मी उठीन. वहिनीनं मारली का उठीन. कोणाले हात वर कराले लागणार नाही. मी हाय ना.”

बाबा काठी धरून उभा होता.

नदीवर कोणीतरी कपडे आपटत होतं. तो आवाज थांबला... पुन्हा सुरू झाला.

“हेमराजही हेच म्हणाला होता,” बाबा म्हणाला.

खुशालचा हात अजून वरच होता.

“लग्नाच्या वर्षी त्याले हीच काठी देली. घरच्यांचे हात घेऊन ये म्हणलं. दुसऱ्या दिवशी घेऊन आला. एकच खूण होती. मी म्हणलं, बाकीच्यांच्या? तर हसला...”

बाबानं वरच्या खुणेवर अंगठा ठेवला.

खुशालनं हात खाली घेतला. त्याला वेळ लागला. मग त्यानं बाबाच्या हातून काठी घेतली आणि मागं न पाहता घरी गेला. टेप झाकणाखालीच राहिला.

*

दादाचे खिळे निघता निघेनात. तीन-तीन इंची, सागात आणि भिंतीतल्या लाकडी गुटक्यांत पक्के बसलेले. प्रत्येक खिळा निघताना कण्हल्यासारखा आवाज करी, आणि आई पलीकडच्या खोलीत प्रत्येक वेळी डोळे मिटून घेई. वहिनी मात्र तिथंच उभी राहिली. एक एक डबा उतरवून तिनं आधीच भिंतीशी मांडला होता.

फळी खाली आली. पुढच्या कडेला एका जागी लाकूड काळं, गुळगुळीत झालेलं होतं. रोज तिथं अंगठा टेकवून डबा ओढलेला. खुशालनं सवयीनं रंधा उचलला.

“ते राहू द्या भाऊजी,” वहिनी म्हणाली.

त्यानं रंधा ठेवला.

भिंतीला काठी लावून त्यानं सगळ्यात खालची खूण धरली.

“माझ्या खुणेवर नाही?”

“आईच्या खुणेले तुमचाही हात पोचते. तुमच्या खुणेले आईचा नाही पोचत.”

दिवस मावळायच्या आत फळी बसली. पाणी भरलेला पेला वर ठेवून पाहिला. पाणी हललं नाही. वर जुन्या जागी चार भोकं राहिली. त्यानं चुन्यानं बुजवायला घेतली, दोन बुजवली, मग हात धुतले.

जेवायला बसले. वहिनी भाकरी थापत होती. आई कालवणाची चव घेऊन उठली, फळीपाशी गेली आणि नेहमीसारखी म्हणाली,

“हेमराज, तिखटाचा डबा दे रे.”

भाकरी थापायचा आवाज थांबला.

डबा आईच्या हातात होता. हाक पुरी व्हायच्या आधीच तिनं तो काढला होता. ती आपल्या हाताकडे पाहत राहिली, डब्याकडे पाहत राहिली. मग फळीच्या कडेकडे. जिथं लाकूड काळं होतं, डबा ओढताना तिथंच तिची बोटं टेकली होती.

खुशालचा घास तोंडातच राहिला. उठायची इतकी सवय त्या घराला होती, की तो अर्धा उठलाच, तिच्याकडे जायला, आणि ताडकन उभा राहताना त्याचं कपाळ फळीवर आदळलं. हळदीचा डबा घरंगळत वहिनीच्या पिठात गेला.

वहिनीनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. आईला वाटलं, रडते आहे. ती रडतही होती, पण आधी ती हसली होती, दीड महिन्यानं.

“बस रे,” आई म्हणाली. “बस. जेव.”

*

सोमवारी सकाळी खुशाल मठात आला. खांद्याला पिशवी, हातात काठी. एसटीला अर्धा तास होता.

बाबानं काठी घेतली, अंगठा फिरवला. तीन खुणा. भाऱ्यात, पुढच्या बाजूला ठेवली. मग झाकणाखालचा टेप काढून दिला.

“कुठं लावली?”

“सगळ्यात खाली. आईच्या हातावर.”

“डबा निघाला?”

“निघाला जी.” खुशाल थांबला. ती हाक सांगावी असं त्याला वाटलं. सांगता आली नाही.

बाबानं त्याच्या कपाळावरचं टेंगूळ पाहिलं. नजर अधू, म्हणून दोन बोटांनी चाचपलं.

“किती वेळा?”

“तीनदा. आज सकाळी निघताना आईच्या पाया पडलो, उठलो, फळी पुन्हा लागली.” तो कसंबसं हसला. मग त्याचं हसू गेलं. “सुटी भेटली का येईन मी घरी. पण त्या स्वयंपाकघरात आता मले जागाच नाही जी. दादा उभा राहायचा त्याच जागी फळी येते. मी उभा राह्यलो का कपाळाले लागते.”

बाबानं रंधा उचलला, पात्यावर फुंकर मारली.

“मग बसत जा.”