देवरुखचा चौकोन

“अजून विचारून फ्रीज उघडते. मग ती आपली होणार कधी?”

गॅलरीत सासूबाई नानांना विचारत होत्या. वाळत घातलेल्या चादरीमागे मी चिमटे लावत होते. चादर डबलबेडची, म्हणून मी त्यांना दिसले नाही.

नाना म्हणजे माझे सासरे. पॉलिटेक्निकमध्ये सिस्टिम अ‍ॅनालिसिस शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी म्हणजे माझा नवरा, श्रीरंग. असं श्रीरंगच सांगतो.

मला देवरुखला आईकडे जायचं होतं. मांडवपरतणीनंतर गेलेच नव्हते. कुणी नको म्हटलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

आईनं तेव्हा बरोबर दिलेलं कुळथाचं पीठ त्या दिवशी दुपारी संपलं. स्टीलचा डबा, झाकणावर तिचं नाव कोरलेलं. मी तो जरा जास्तच वेळ धुतला आणि ओट्यावर पालथा घातला.

चहाच्या वेळी श्रीरंगनं दूधसंघाच्या सॉफ्टवेअरच्या कामाचा कॉन्टेक्स्ट डायग्राम टेबलावर पसरला. मधोमध एक वर्तुळ, म्हणजे आपली सिस्टिम. भोवती चौकोन, म्हणजे बाहेरचे लोक. काय येतं, काय जातं, त्याचे बाण.

“बघा नाना. चूक काढून दाखवा.”

नानांनी कागद उलटा केला. “आधी या घराचा काढ.”

“हा तर पोरखेळ झाला.”

“मग लवकर होईल.”

झाला लवकर. मध्ये घर. भोवती वीज कंपनी, दूधवाला, सोसायटी, श्रीरंगचं ऑफिस.

“केतकी कुठाय?” नानांनी माझ्याकडे बोट केलं.

“आत. वर्तुळात.”

“दिसत नाही.”

“आतलं दिसत नसतंच, नाना. तुम्हीच शिकवलंय. या चित्रात आत काय चाललंय ते दाखवायचं नाही.”

“बरोबर,” नाना म्हणाले. “पैकीच्या पैकी.”

श्रीरंग हसला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं.

“दुपारी पिठलं कशाचं होतं?” नानांनी श्रीरंगला विचारलं.

“कुळथाचं.”

“ते कुठल्या चौकोनातून आलं?”

श्रीरंगनं कोपऱ्यात आणखी एक चौकोन काढला. देवरुख. तिथून घराकडे बाण.

“आणि तिकडे काय जातं?”

पेन्सिल थांबली.

“सध्या... काही नाही. पण नुसता देणारा चौकोन असू शकतो. पुस्तकात चालतं.”

“पुस्तकात चालतं,” नाना म्हणाले.

मग त्यांनी श्रीरंगच्या हातातली पेन्सिल काढून माझ्यासमोर ठेवली.

“तो बाण तुझा तू काढ.”

मी पेन्सिल घेतली नाही. उठले. ओट्यावरचा डबा पुसला आणि कागदावर आणून ठेवला. घर त्याच्याखाली झाकलं गेलं.

तसाच फ्रीज उघडला. सासूबाईंनी साय साठवून काढलेलं लोणी वरच्याच कप्प्यात होतं. पातेलं बाहेर काढलं.

“आई,” मी सासूबाईंना म्हणाले, “याचं आता तूप कढवते. डबा रिकामा कसा परत द्यायचा? शनिवारी देवरुखला जातेय मी.”