एकटीचं लेकरू

एका डोंगराच्या पायथ्याला, मोहाच्या रानात, वानरांची एक टोळी राहत असे. वानरांची रीत तुम्हाला ठाऊक नसेल पोरांनो, म्हणून आधी ती सांगते. नवं लेकरू जन्मलं की ते टोळीतल्या साऱ्या मावश्यांच्या मांडीवरून फिरतं. बारसं नाही की पाळणा नाही. त्याला सगळ्यांचा वास ओळखीचा झाला की झालं.

पण त्या टोळीतली एक तरुण वानरी होती पहिलटकरीण, आणि नाकाने कांदे सोलणारी. लेकराला पोटाशी आवळून ती शेंड्यावर जाऊन बसे. एक म्हातारी वानरी रोज जवळ येई. "अगं, घटकाभर दे की. खाऊन टाकते का काय मी?"

"माझं आहे हे," तरुण वानरी म्हणे. "हौस असेल तर तुझं तू आण."

म्हातारीला पोर नव्हतं. मला विचाराल तर हे बोलणं थोबाडीत देण्याजोगं होतं. म्हातारी एवढंच म्हणाली, "तुझंच गं. पण दुसरं कुणी चालणारच नाही, असं करून ठेवू नकोस त्याला."

एका सकाळी टोळी मोहाखाली फुलं वेचत असताना बिबट्या आला. सगळे पलीकडच्या झाडावर गेले. तरुण वानरी मोहावर चढली खरी, पण फांदी मोडली आणि तिचा हात लचकला. बिबट्या खोडावरून वर येऊ लागला. लचकलेल्या हाताने, पोटाशी लेकरू घेऊन पलीकडे उडी जमणार नव्हती. तेवढ्यात म्हातारी उडी मारून अलीकडे आली. "दे इकडे."

वानरी आता देत होती, पण लेकरू सुटेना. परका वास येताच ते किंचाळून आईच्या केसांत आणखी रुतलं.

"मावशी, आता काय करू?"

"आता तूच सांग त्याला, मी कोण ते."

वानरीने म्हातारीचा हात ओढला आणि लेकराला चाटावं तसा भराभर चाटून काढला. लेकराने तो हात हुंगला. आईचाच वास. एक मूठ सुटली, मग दुसरी. म्हातारीने त्याला घेऊन पलीकडे झेप घेतली, मागोमाग वानरीने. बिबट्याच्या पंज्यात शेपटीचे चार केस तेवढे आले.

दुपारी लेकरू म्हातारीच्या मांडीवर गाढ झोपलं होतं. ती त्याला परत द्यायला उठली, तर वानरी पेंगत म्हणाली, "असू दे गं मावशी. मला जरा पाठ टेकू दे."

तात्पर्य : लेकरू आपलं असेल, तर त्याला आणखी चार मांड्या आपल्या करून द्याव्यात. एकटीनेच आवळून धरलेलं लेकरू वेळ आली की एकटं पडतं.